मनुकेचा बेदाणा

१८ मार्च, मंगळवार. सकाळ.

आजपासून रोज लिहिणार. शुद्ध भाषेत. कोणाला दाखवायचे नाही. दाखवण्याच्या लायकीचे घरात कोणी नाही.

निमित्त असे की यंदा द्राक्षाचा वेल लगडला आहे. मी स्वतः लावलेला, मी वाढवलेला. मंगरूळपीरच्या हवेत द्राक्ष येत नाही, असे मला सगळ्यांनी सांगितले होते. त्याच सगळ्यांना गेल्या वर्षी घरोघरी द्राक्षे वाटली. कोणी म्हणाले आंबट, कोणी म्हणाले साल जाड, कोणी म्हणाले बियाच फार. फुकट खाऊन वर शेरे. शेजारच्या ललिताबाईने वाटी परत करताना विचारले, याचं लोणचं टाकता येते काय. त्या दिवसापासून तिचे नाव मी मनातून काढून टाकले आहे.

निर्णय: यंदा एक दाणाही कोणाला नाही. सगळ्या द्राक्षांचे बेदाणे करणार. शास्त्रीय पद्धतीने. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून आयुष्य गेले आहे. विज्ञानाचे शिक्षक येत-जात राहिले, प्रयोग मीच करत होतो.

सौ. रुख्मिणीला सांगितले. ती म्हणाली, किसमिस दुकानात भेटते. 

२० मार्च, गुरुवार.

अडचण. वेलाचे अर्धे अंग ललिताबाईच्या स्लॅबवर गेले आहे. माझ्याकडे पाण्याच्या टाकीची सावली, तिच्याकडे दिवसभर ऊन. वेल माझे पाणी पितो आणि तिकडे जाऊन फळतो. चांगले घड सगळे तिच्या हद्दीत.

भिंतीपाशी उभे राहून तिला कायदा समजावला: मूळ ज्याचे, घड त्याचे. ललिताबाई रिटायर्ड नर्स आहे. एकटी राहते. जन्मभर लोकांना सुया टोचल्यामुळे तिला कोणाचाच धाक राहिलेला नाही. म्हणाली, मूळ तुमचं तर मंग पालाबी तुमचाच, रोज सकाळी मी झाडून राह्यली तो कोण झाडन? विषय पाल्याचा नव्हताच.

रुख्मिणीला ताकीद दिली की ललिताबाईशी बोलणे बंद. ती बरं म्हणाली आणि हे ललिताबाईला सांगायला तिच्याकडे गेली. चहा तिकडेच घेऊन आली.

२३ मार्च, रविवार.

तोडणी केली. द्राक्षे जरा कच्ची होती, पण पिकायची वाट बघत ती ललिताबाईच्या ताब्यात ठेवणे परवडणारे नव्हते. शिडी तिच्या बाजूने लावायची तर तिला विचारावे लागले असते. म्हणून माझ्याच बाजूने स्टूल ठेवून वाकलो. स्टूल निकृष्ट निघाले. गुडघा फुटला.

ललिताबाई बोलावले नसताना आली, जखम धुतली, पट्टी बांधली. वर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या म्हणाली. म्हणजे माझे अंगण घाण आहे, असे सुचवले. तिच्या बाजूचे घड तिनेच तोडून टोपल्यात आणून दिले. एवढ्या सहज दिले, याचा अर्थ काही ठेवून घेतले असणार.

दुपारी वर्षाराणी आली. माझी मुलगी. अमरावतीला असते, लॅपटॉपवर कंपनीचे काम करते. जावई ट्रेनिंगला गेल्यामुळे मे संपेपर्यंत इथेच राहणार आहे. बापाचा गुडघा बघून तिने आईला विचारले, आता कोणाशी?

संस्कारात कुठेतरी कमी पडलो. रुख्मिणी कमी पडली.

२५ मार्च, मंगळवार.

प्रक्रिया पार पडली. मोठ्या गंजात पाणी उकळून त्यात खाण्याचा सोडा टाकला. तापमान मोजायला शाळेचा थर्मामीटर माझ्याकडे आहे. (निरोप समारंभात शाल आणि नारळ देऊन बोळवण केली होती. थर्मामीटर मी स्वतः घेतला.) द्राक्षे क्षणभर बुडवून काढायची होती. तेवढ्यात वर्षाने विचारले, बाबा, किती वेळ ठेवायचे? तिला उत्तर देण्यात, म्हणजे मधे बोलू नये हे समजावण्यात, वेळ गेला. बरीच द्राक्षे फुटली. जबाबदारी तिची.

स्लॅबवर बाज टाकून रुख्मिणीच्या पांढऱ्या सुती साडीवर द्राक्षे पसरली. साडी तिच्या आवडीची आहे, हे नंतर कळले. डाग पडणारच. शास्त्रात साडीचा विचार नसतो.

घरच्यांना सूचना: माझ्याशिवाय कोणीही वर जायचे नाही. रुख्मिणीने विचारले, धुणं कुठी वाळू घालू? काही लोकांना प्रत्येक मोठ्या कामात स्वतःचे धुणे दिसते.

२८ मार्च, शुक्रवार.

वानरे. पूर्ण टोळी. मी पहाऱ्याला काठी घेऊन टाकीच्या सावलीत बसलो होतो. झोप लागली असे रुख्मिणी म्हणते. मी डोळे मिटून विचार करत होतो. जागा झालो तेव्हा एक वानर बाजेवर बसून बेदाणा खाऊन बघत होते. त्याने तो थुंकला. कच्चा होता म्हणून.

ही वानरे ललिताबाई रोज शिळ्या पोळ्या टाकून इकडे लावते, हे मी भिंतीवरून चार लोकांना ऐकू जाईल असे सांगितले. ती म्हणाली, भाऊजी, वानराले पोळी टाकली तर ते माह्या स्लॅबवर येईन, तुमच्या कायले? नर्सला तर्कशास्त्र शिकवत नाहीत.

३० मार्च, रविवार. पाडवा.

सणाच्या दिवशी मुलीने वडिलांचा अपमान केला. सांगली भागात बेदाणे कसे करतात याचा व्हिडिओ मोबाइलवर लावून माझ्यासमोर धरला. त्यात बेदाणे शेडमध्ये, सावलीत, जाळीवर टाकले होते. मी म्हणालो, त्यांच्याकडे आपल्यासारखे ऊन नाही म्हणून ते लाचार आहेत. तिने तो बंद करेपर्यंत डोळ्यांवर हात ठेवून बसलो.

पुरणपोळी खाल्ली. ललिताबाईकडूनही एक वाटी आमरस आला होता. कोणाचा ते कळायच्या आत खाऊन झाला होता.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळ.

वाशिमला डोळे तपासायला जातो आहे. बेदाण्यांचा रंग काळपट, अंग चिकट, वास किंचित ताडीसारखा. प्रगती योग्य दिशेने आहे. घरात आदेश दिला आहे की मी येईपर्यंत कोणीही हात लावायचा नाही, काहीही झाले तरी. रुख्मिणी म्हणाली, आभाळ आलं तर? म्हणालो, एप्रिलमध्ये आभाळ येत नाही.

२ एप्रिल, बुधवार. रिठद.

आभाळ आले. काल दुपारी वाशिमला गारा पडल्या. मंगरूळच्या रस्त्यावर झाड आडवे, गाड्या बंद. म्हणून रिठदला मोठ्या बहिणीकडे, तुळसाबाईकडे आलो.

घरी फोन केला. वर्षाने बाज घरात ओढून आणली होती. आदेश असताना. ताबडतोब परत वर न्यायला लावली. घरातली हवा दमट असते, हे त्यांना काय कळणार? ताडपत्रीने गच्च आवळून बांधा, वारा जाऊ देऊ नका, असे सांगितले. मग रेंज गेली.

तुळसाबाईला सगळा प्रयोग समजावून सांगितला. ती म्हणाली, बबन, द्राक्षं होते तर खाऊन घ्यायचे होते. सकाळपासून तिच्याशी बोललो नाही. तिच्याच घरात असल्यामुळे अवघड जाते आहे.

४ एप्रिल, शुक्रवार. दुपार.

विजय.

घरात पाऊल टाकले तेव्हा रुख्मिणी, वर्षा आणि ललिताबाई तिघी पुढच्या खोलीत बसल्या होत्या. मला बघून गप्प झाल्या. विचारले नाही, सरळ वर गेलो. ताडपत्री काढलेली. बाजेवर बेदाणे.

सोनेरी. एकसारखे. कोरडे. जाताना टाकून गेलो होतो त्याहून जास्त वाटले. म्हणजे दमट हवेत फुगले. साडीवरचे डागही पावसाने धुऊन निघाले, साडी नवी दिसते आहे. खाऊन बघितले. गोड. आणि बी नाही. आमच्या वेलाच्या प्रत्येक द्राक्षात बी असते. बेदाण्यात एकही नाही.

खाली येऊन जाहीर केले. तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. वर्षा तर उठून आतच गेली. लाज वाटली असणार.

मागच्या दारी किराण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या पडल्या होत्या. प्लास्टिकवरून रुख्मिणीला झापले.

५ एप्रिल, शनिवार.

रात्रभर विचार करून सिद्धांत मांडला आहे. बी असते ती मनुका. बी नसते तो बेदाणा, बे-दाणा, दाण्याशिवायचा. नावातच आहे. आजवर लोक समजत होते की ही दोन वेगळी फळे. प्रत्यक्षात मनुकेचाच बेदाणा होतो. आधी कडक ऊन, मग अचानक गार पाऊस, मग ताडपत्रीची ऊब. या धक्क्याने बी विरघळते आणि गोडी वाढते.

रुख्मिणीला समजावले. ती तांदूळ निवडत होती. मान हलवत राहिली. पहिल्यांदाच मधे बोलली नाही.

६ एप्रिल, रविवार.

सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांच्या बैठकीत व्याख्यान दिले. लोकांना दर वेळी पेन्शनच्या फरकावरच बोलायचे असते. आज मी उभा राहिलो आणि बसलोच नाही. सगळ्यांना बेदाणे वाटले. ज्यांच्या कवळ्या आहेत त्यांनी बी नसल्याबद्दल विशेष समाधान व्यक्त केले. माझ्या शेजारी एक बाई राहते, जिला लोणच्यापलीकडे काही सुचत नाही, तिचा किस्साही सांगितला. नाव घेतले नाही. आडनाव घेतले.

हरिसिंग राठोड प्रभावित झाले. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, मानोऱ्याकडच्या तांड्याचे. तांड्यातली माणसे दर वर्षी ऊसतोडीला जातात. दोन-चार घरांनी वेल लावले, बेदाणा केला, तर कोणाचे तरी जाणे टळेल, असे त्यांच्या डोक्यात आहे. माझ्याही डोक्यात तेच होते. त्यांनी आधी बोलून दाखवले एवढेच.

१३ एप्रिल, रविवार.

हरिसिंग वेल बघायला आले. पानांत राहून गेलेला एक घड सापडला, तो त्यांना प्रेमाने दिला. ते खाता खाता थांबले. तोंडातून बिया काढून तळहातावर ठेवल्या आणि म्हणाले, सर, हे बिया कुठी जाते मंग? मी सिद्धांत सांगितला. त्यांनी सगळा ऐकून घेतला. मग रुख्मिणीकडे बघितले. रुख्मिणी चहा आणायला गेली. चहा समोरच ठेवलेला होता.

जाताना म्हणाले, पुढच्या रविवारी तांड्यातल्या आठ-दहा जणांना घेऊन येतो, तुमी करून दाखवा. मी होकार दिला. रुख्मिणी आतून म्हणाली, त्या दिवशी यायची तब्येत बरी नसन. मला काय होणार आहे?

१६ एप्रिल, बुधवार.

पूर्वतयारी. हरिसिंगांनी अर्धवट टाकलेली द्राक्षे उकळून वाळवली, पाणी मारले, ताडपत्रीत बांधली. बुरशी आली. बिया तशाच.

पुन्हा बिया वेगळ्या काढून उन्हात ठेवल्या. पाणी मारले. बिया जास्तच टणक झाल्या.

पाणी नळाचे होते. पावसाचे हवे.

१७ एप्रिल, गुरुवार.

पाऊस नाही. रुख्मिणीला विचारले, त्या दोन दिवसांत तुम्ही नेमके काय केले? म्हणाली, तुमी सांगतलं तेच. वर्षाला विचारले. म्हणाली, मीटिंग आहे. मीटिंग नव्हती. लॅपटॉप बंद होता.

कोणीतरी काहीतरी लपवते आहे. प्रक्रियेतली एखादी पायरी. ललिताबाईने ती शोधून स्वतःकडे ठेवली असणार. तरीच त्या दिवशी इथे बसली होती.

१८ एप्रिल, शुक्रवार.

अंगणात तिघींना उभं केलं आणि पायरी सांगा म्हटलं.

रुख्मिणी रडायला लागली. ललिताबाईने सांगितलं. ताडपत्री सोडली तेव्हा सगळ्या मालावर पांढरी बुरशी, वास येत होता, रुख्मिणीने तो खड्ड्यात टाकला आणि घाबरून तिच्याकडे गेली. ललिताबाई भर पावसात बाजारात जाऊन किसमिस घेऊन आली. साडीही तिचीच. तशाच रंगाची होती.

मी विचारलं, काहून? कोणी सांगितलं होतं?

वर्षा बोलली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त राग आला.

"बाबा, तुमाले खरं सांगतलं की तुमी ताट सारता. मंग आई उपाशी झोपते. खोटं सांगतलं की जेवता. मी चवथीत होती तवापासून या घरात असंच चालू हाय. त्या दिवशी आई पावसात अनवाणी पळत गेली. किसमिससाठी."

अतिशयोक्ती. चौथीतलं हिला काय आठवणार?

मी ललिताबाईकडे वळलो. ज्या बाईला स्वतःचा संसार करता आला नाही तिने दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ करू नये, असं स्पष्ट सांगितलं. कधीतरी सांगायलाच पाहिजे होतं. तिने रुख्मिणीच्या खांद्यावर ठेवलेला हात काढला आणि फाटकातून गेली. फाटक लावून गेली.

रुख्मिणीचं रडणं थांबलं. ते बरं झालं.

तिने संध्याकाळी ताट वाढलं. मी सारलं. तिने ते उचललं, माझ्यासमोर बसली आणि माझंच ताट जेवली. सगळं. असं कधी केलं नव्हतं.

२० एप्रिल, रविवार.

अंगात कसकस. ताप नाही, पण येऊ शकतो. आतून कडी लावून पडलो.

दहाच्या सुमारास बाहेर माणसं आल्याचा आवाज आला. बायाही होत्या. मानोऱ्याहून दोन गाड्या बदलून आलेली माणसं. रुख्मिणीने त्यांना पाणी दिलं, हरिसिंगांशी हळू आवाजात काहीतरी बोलली. मग हरिसिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरची तब्येत बरोबर नाही. आन आपल्याकडची हवाबी या कामाची नाही म्हणते. चाला, परत जाऊ."

मी असं कधीच म्हटलेलं नाही. माझ्या नावावर वाट्टेल ते खपवतात. उठून बाहेर जाऊन दुरुस्त करणार होतो. पण कसकस होती.

कोणीतरी बाई म्हणाली, एवढ्या लांबून आलो तर दर्ग्यावर जाऊन येऊ. मग शांत झालं.

२२ एप्रिल, मंगळवार.

वर्षा अमरावतीला परत गेली. मे संपेपर्यंत राहणार होती. रुख्मिणीही तिच्यासोबत गेली. किती दिवस ते बोलली नाही, मीही विचारलं नाही. मला माझी कामं आहेत. पिशवी मात्र मोठी होती.

बसस्टँडवर सोडायला ललिताबाई गेली. मी जाणारच होतो, पण चप्पल सापडेपर्यंत त्या निघाल्या होत्या.

निश्चय: वेल मुळापासून तोडणार. सगळ्याचं कारण तोच आहे. उद्या.

२४ एप्रिल, गुरुवार.

कुऱ्हाडीला दांडा नाही. ललिताबाईकडे आहे.

वरण करपलं. गॅस कंपनीला फोन लावून आच जास्त येत असल्याची तक्रार केली. तिथल्या पोराने फोन ठेवला.

२७ एप्रिल, रविवार.

बैठकीला गेलो नाही. कोणी विचारायलाही आलं नाही. हरिसिंगनं सगळ्यायले सांगतलं असन. किंवा नसन सांगतलं. सगळे पहिल्यापासूनच ओळखून असतीन. त्या दिवशी खाताना एकानंही विचारलं नव्हतं का बी कुठी गेलं. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या अन पेन्शनच्या विषयावर गेले.

२ मे, शुक्रवार.

आज कोणाशीच भांडण झालं नाही. वानरंबी आले नाही. सकाळी टाकी पाहाले वर गेलो. उन्हानं वेलाची पानं करपून झडले होते. त्याच्यानं ललिताबाईच्या बाजूचा एक घड उघडा पडला. तोडाचा राह्यला असन. जाग्यावरच वाळला होता, देठाले लटकून. ना सोडा, ना उकळी, ना ताडपत्री.

हात पुरत नव्हता. ललिताबाई तिच्या स्लॅबवर पाला झाडून राह्यली होती. मी भिंतीपाशी उभा राह्यलो. बोलावं तर काय बोलावं? शेवटी म्हटलं, तेवढा घड देता काय. तिनं झाडू ठेवला, घड तोडला, भिंतीवर ठेवला अन खाली गेली. माह्याकडं पाह्यलं नाही.

किसमिस गोड लागली. जाम गोड. बिया होत्या, त्या थुंकल्या.

दुपारी अमरावतीले फोन लावला. रुख्मिणीनं उचलला. चहापत्ती कुठी ठेवली, विचारलं. तिनं सांगतलं. मंग म्हटलं, एक घड वेलावरच वाळला, चांगली किसमिस झाली, आपली. तिनं विचारलं,

"तुमी हात लावला होता काय त्याले?"

नाही म्हटलं.

"मंग होईनच न."

परत कवा येतं, ते विचाराले तोंड उघडलं तवर फोन ठेवून झाला होता.